कढीपत्त्यावरचा धडा

धर्मग्रामातील घरभेटींना आम्ही निघालो की मुले फाटकापर्यंत धावत येतात, हा आमचा आजवरचा अनुभव आणि, खरे सांगायचे तर, थोडासा अभिमानही. म्हणूनच मागच्या पावसाळ्यात जुळे सोलापुरातील एका घरी जे घडले ते मनाला फार लागले. आम्हांला पाहताच त्या घरचा सहा वर्षांचा मुलगा आत पळाला. चहा झाला, प्रार्थना झाली, तरी तो दिसेना. शेवटी आजीने पलंगाकडे बोट दाखवले. पलंगाखाली दोन अनवाणी पावले तेवढी दिसत होती.

"फादर, तुम्ही आलं की असंच करतंय बघा," आजी म्हणाली, "तुम्ही पाटी विचारता की."

आजी बोलली ते खरे होते. जून महिन्यात, शाळा सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, त्या मुलाची आई रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला भेटली होती. मुलगा पहिलीत गेला होता. वर्गात तोंड उघडत नाही, अक्षरे ओळखत नाही, घरी तयारी करून घ्या, असा निरोप शाळेतून आला होता. त्या दिवशी व्हरांड्यात आणखी दहा माणसे आमच्यासाठी खोळंबली होती. आम्ही घाईत उपाय सांगून मोकळे झालो. रोज एक अक्षर दहा वेळा गिरवून घ्या आणि दर रविवारी पाटी आम्हांला आणून दाखवा! चार रविवार ती पाटी आली. चौथ्या रविवारी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गासमोर गमतीने विचारले, "अरे, या 'क'ची शेपटी कोणी खाल्ली?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पाचव्या रविवारी मुलगा आला नाही. पाऊस असेल, ताप असेल, असे आम्ही स्वतःला समजावले. पलंगाखालची पावले पाहिली तेव्हा ती समजूत पुसली गेली. एका लेकराला आम्ही देवळाच्या वाटेवरून परत पाठवले होते, आणि तेही हसत हसत.

त्या घराविषयी थोडे सांगायला हवे. वडील अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतात. रात्रपाळी असली की सकाळी घरी येऊन झोपतात. आई घरीच शिलाईयंत्रावर शाळांचे गणवेश शिवते. सोलापुरात हा उद्योग मोठा आहे. वडिलांकडची मंडळी मराठी बोलणारी, आईचे माहेर तेलुगू. आईची आई लेकीजवळच राहते. मुलगा तिला 'अम्मम्मा' म्हणतो. दिवसभर आई यंत्रावर आणि वडील झोपेत, म्हणून मूल वाढले ते अम्मम्माच्या मांडीवर, तिच्याच भाषेत. सोलापुरास हे नवे नाही. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या काळापासून या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत नांदत आल्या आहेत. परंतु मुलगा 'बोलत नाही' असे ऐकल्यावर तो कोणत्या भाषेत बोलत नाही, एवढा साधा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. सेमिनरीत आम्ही लॅटिनचे व्याकरण शिकलो, ग्रीक तत्त्वज्ञांची मते पाठ केली. पण हा प्रश्न विचारण्याचे शहाणपण त्या विद्येतून आपोआप आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी घरी परतल्यावर आम्ही जुन्या पुस्तकांचे एक खोके उघडले. कोणा दात्याने ते मागे कधीतरी दिले होते आणि आम्ही ते कपाटावर ठेवून विसरलो होतो. त्यात एक जाड पुठ्ठ्याच्या पानांचे इंग्रजी चित्रपुस्तक निघाले. एरिक कार्ल यांचे, भुकेल्या सुरवंटाचे. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जगातील साठांहून अधिक भाषांत गेले आहे. गोष्ट अगदी लहान. अंड्यातून निघालेला सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, बुधवारी तीन, असे करत शुक्रवारपर्यंत पाच. शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत दहा पदार्थ खातो आणि त्याचे पोट दुखते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर त्याला बरे वाटते. मग तो कोशात जातो आणि फुलपाखरू होऊन बाहेर येतो. पुस्तकाची खरी गंमत त्याच्या पानांत आहे. सुरवंटाने जिथे खाल्ले तिथे पानाला आरपार भोक पाडलेले आहे. कागदाला भोके पाडण्याच्या पंचशी खेळता खेळता कार्ल यांना ही कल्पना सुचली होती. परंतु अशी पाने परवडेल अशा खर्चात छापून देणारा अमेरिकेत कोणी मिळेना, तेव्हा पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घ्यावी लागली.

कार्ल यांचे चरित्रही पालकांनी जाणून घ्यावे असे आहे. त्यांचा जन्म १९२९ साली अमेरिकेत झाला, पण सहा वर्षांचे असताना आईवडील त्यांना घेऊन जर्मनीस परतले. तिथल्या शाळेची शिस्त कडक होती, छडीची होती. पुढे युद्ध आले आणि वडील रशियनांच्या हाती युद्धकैदी झाले. मात्र लहानपणी हेच वडील त्यांना रानात फिरायला नेत, दगड उचलून आणि झाडाची साल दूर करून त्याखालचे बारीक जीव दाखवीत, आणि पाहून झाले की जीव जसाच्या तसा जागेवर ठेवीत. आपल्या पुस्तकांतील किडेमुंग्या त्या फिरण्यातून आल्या, असे कार्ल सांगत असत. २०२१ साली, एक्याण्णव वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

पुढच्या आठवड्यात ते पुस्तक घेऊन आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलगा पुन्हा पलंगाखाली. आम्ही पाटीचे नाव काढले नाही. खाली सतरंजीवर बसून आजीच्या हाती पुस्तक दिले.

"मला कुठं वाचता येतंय फादर," ती संकोचून म्हणाली.

"आजी, यातली भाषा इंग्रजी आहे. इथे वाचता येणारे तसे कोणीच नाही. चित्रे तेवढी बघू या."

आजीने पान उलटले. हिरवा, केसाळ, लाल डोक्याचा सुरवंट पाहिला आणि तिच्या तोंडून सहज निघाले, "गोंगळी पुरुगु!"

पलंगाखालून हसण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एक डोके बाहेर आले, मग हात आणि मग पुस्तकाच्या भोकात बोट. नातू आणि आजी तेलुगूत भराभरा बोलू लागले. आम्हांस त्यातले काही कळत नव्हते. आईने यंत्र थांबवून आम्हांला अर्थ सांगितला. तेलुगूत सुरवंटाला गोंगळी पुरुगु म्हणतात, म्हणजे घोंगडी पांघरलेला किडा. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आमच्यातही तसेच, कंबळी हुळु, कांबळ्यातला किडा. चादरी विणणाऱ्या या गावात दोन भाषांनी सुरवंटाच्या अंगावर पांघरूण घातले आहे, हे आम्हांला त्या दिवशी एका निरक्षर आजीकडून कळले. आम्ही मुलाला म्हणालो, "बाळा, मराठीत याला सुरवंट म्हणतात." तो आमच्याकडे न पाहता, पण स्पष्ट, म्हणाला, "सुरवंट." शाळेत न बोलणाऱ्या त्या मुलाचा आमच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

त्यानंतरचे तीन महिने त्या घरात जे चालले, ते आमच्या वाचकांपैकी तरुण आईबापांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. यास फारसा खर्च येत नाही, मोबाइल लागत नाही आणि आईला अक्षरज्ञान नसले तरी अडत नाही.

पहिले काम चित्रे पाहण्याचे. आजी आणि नातू रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे पुस्तक घेऊन बसत. नियम एकच होता. 'हे काय आहे, सांग बघू' असे परीक्षकासारखे विचारायचे नाही. स्वतःला जे दिसते ते सांगायचे आणि थांबायचे. आजी म्हणे, "मला पेर दिसलं." मग नातू म्हणे, "मला दोन दिसले." आजीने तेलुगूत सांगितलेली गोष्ट रात्री आईने मराठीत ऐकवायची, असे ठरले. ज्या भाषेत मूल स्वप्ने पाहते ती बंद करून दुसरी शिकवता येत नाही. पहिलीच्या खांद्यावर दुसरी चढते, हे आम्हांस डोळ्यांनी दिसले.

दुसरे काम वारांचे आणि मोजण्याचे. त्या पुस्तकातील फळे आपल्या ताटात क्वचितच येतात, म्हणून मुलाने आपला सोलापुरी सुरवंट तयार केला. त्याने सोमवारी एक डाळिंब खाल्ले, मंगळवारी दोन पेरू, बुधवारी तीन सीताफळे. शनिवारच्या दहा पदार्थांत कडक भाकरी आली, शेंगाचटणी आली, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणाही आला. पाळणा कसा खाणार, असे आईने विचारले. मुलाने उत्तर दिले, "भूक लई होती." आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या त्या वाराखाली चित्रे काढू दिली. शुक्रवारपर्यंत सुरवंटाने एकूण किती फळे खाल्ली, हे मुलाने शेंगदाणे मांडून मोजले. पंधरा झाले, आणि मोजून झाल्यावर त्याने ते खाऊन टाकले.

तिसरे काम हातांचे. कार्ल रंगवलेल्या पातळ कागदांचे तुकडे चिकटवून चित्रे करीत. आमच्या घरी तसा कागद नव्हता, परंतु यंत्राखाली गणवेशांची कात्रणे पडलेली असत. आजीने मैद्याची खळ शिजवली. त्यामुळे या घरच्या सुरवंटाचे अंग खाकी आणि गडद निळे झाले, आणि त्याच्या पाठीवर एक पांढरे बटण बसले. तुकडे फाडणे, कापणे, चिकटवणे यांत जी बोटे वळतात तीच पुढे 'क'ची शेपटी काढतात. आम्ही पाटीवर जे मागत होतो त्याची पूर्वतयारी ही होती, आणि आम्ही पायाआधी कळस मागत होतो.

चौथे काम नाटकाचे. मूल सुरवंट होऊन सरपटते, खाते, दमते. मग आजी त्याला सोलापुरी चादरीत गुंडाळते, हा झाला कोश. सर्वांनी वीसपर्यंत मोजायचे आणि मग चादरीतून फुलपाखरू उडायचे. या खेळात मुलाने वीसपर्यंतचे आकडे मराठीत म्हटले, कारण तो चादरीत असताना बाहेरचे चुकीचे मोजू लागले तर आतून ओरडून दुरुस्त करणे त्याला भागच होते.

पाचवे काम मात्र आमच्या योजनेत नव्हते. त्या घराच्या फाटकाजवळ कढीपत्त्याचे झाड आहे. ऑगस्टमधील एका रविवारी वडील दिवसा घरी होते. फारसे न बोलणारे गृहस्थ. मुलाने त्यांच्यापुढे पुस्तक धरले, त्यांनी ते उभ्याउभ्या चाळले, आणि चप्पल घालून झाडापाशी गेले. एका कोवळ्या पानावर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे अंडे होते. त्यांनी बोट ठेवले तरी आम्हांला ते दिसेना. चष्मा पुसून पाहिले तेव्हा दिसले. धावत्या मागावर तुटलेला धागा ज्यांना दिसतो त्यांच्या डोळ्यांना ते अवघड नव्हते. "पप्पांना सापडलं!" असे मुलगा गल्लीभर सांगत सुटला. बापाच्या चेहऱ्यावरचा संकोच आणि आनंद आम्ही पाहिला. आपल्याला शिक्षण नाही, म्हणून मुलाच्या अभ्यासात आपले काही काम नाही, असे समजून ते आजवर बाजूला बसले होते.

कढीपत्ता आणि लिंबू या एकाच कुळातील वनस्पती. काळ्या, शेपटीवाल्या काही फुलपाखरांच्या माद्या त्यांच्या पानांवर अंडी घालतात. आपल्या राज्याने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉन हेही याच गोत्राचे. अंड्यातून तीन-चार दिवसांत बारीक सुरवंट निघतो. आरंभी तो पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, म्हणजे पक्षी त्याला खात नाहीत. मोठा झाला की पानासारखा हिरवा होतो. डिवचले तर डोक्यामागून तांबूस, दोन फाट्यांचे शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. मुलाला ते शिंग एवढे आवडले की आजीला दिवसातून एकदाच, असे रेशन ठरवून द्यावे लागले. वडिलांनी दोन सुरवंट मोठ्या बरणीत ठेवले, तोंडाला जाळीचे कापड बांधले आणि कामावरून आल्यावर ताजी पाने घालण्याचे काम स्वतःकडे घेतले. पालकांसाठी दोन सूचना येथेच देतो. ज्या झाडावर सुरवंट सापडला त्याच झाडाची पाने द्यावीत, दुसरी तो सहसा खात नाही. आणि केसाळ सुरवंटाला हात लावू देऊ नये; त्याच्या केसांनी अंगाला खाज सुटते.

सुमारे दोन आठवड्यांनी दोन्ही सुरवंटांनी खाणे सोडले, काडीला रेशमाच्या एका धाग्याने कमरेभोवती बांधून घेतले आणि कात टाकली. पुस्तकातील सुरवंट कोश विणतो. आमच्या सुरवंटांनी विणला नाही. मुलाने तक्रार केली की पुस्तक खोटे बोलते. आम्ही चौकशी करून सांगितले की अंगाभोवती रेशमाचे घर विणणारे ते बहुधा पतंग, आपल्या जिल्ह्यात तुतीवर पाळतात त्या रेशीमकिड्यासारखे. फुलपाखरू कात टाकून नुसत्या कवचात राहते. छापलेली गोष्टही तपासून पाहता येते, हे सहाव्या वर्षी कळणे आम्हांस लहान लाभ वाटत नाही.

मग आम्ही पुन्हा एक चूक केली. मुलाला वचन देऊन बसलो की दोन आठवड्यांनी दोन फुलपाखरे निघतील आणि ती उडवायला आम्ही येऊ. अकराव्या दिवशी आईचा फोन आला. एक कवच काळपट पडले होते, त्याला एक बारीक भोक होते आणि बरणीत फुलपाखराऐवजी बारीकबारीक माश्यांसारखे कीटक फिरत होते. काही गांधीलमाश्यांच्या जाती कोवळ्या कवचात आपली अंडी घालतात आणि त्यांची पिले आतला जीव खाऊन वाढतात. हे आम्हांला ठाऊक होते, पण वचन देताना आठवले नव्हते.

संध्याकाळी आम्ही गेलो. वाटेत, आसरा चौकापासून त्या घरापर्यंत, काय सांगावे याचाच विचार केला. 'देवाची इच्छा' हे शब्द ओठांवर तयार होते. आम्ही ते अनेक घरांत, याहून फार मोठ्या दुःखांपुढे उच्चारलेले आहेत, आणि ते ऐकून माणसे कशी गप्प होतात हेही पाहिलेले आहे. या मुलाला आम्ही एकदा गप्प केले होतेच. म्हणून आम्ही काही बोललो नाही. सतरंजीवर त्याच्याजवळ बसलो आणि बरणी दोघांनी मिळून पाहिली. बऱ्याच वेळाने तो उठला, पुस्तक घेऊन आला, भोकाचे पान उघडले आणि कवचाच्या भोकाशेजारी धरले.

"फादर, तिला पण भूक लागली असंल," तो म्हणाला.

पूर्ण वाक्य, मराठीत, आमच्याकडे पाहून. आम्ही फक्त मान हलवली. आजी पदराने डोळे टिपत होती. फुलपाखरासाठी की नातवासाठी, हे आम्ही विचारले नाही.

दुसरे कवच तेराव्या दिवशी सकाळी उघडले. आम्ही त्या वेळी अंत्यविधीस गेलो होतो. बापलेकांनीच ते फुलपाखरू कढीपत्त्यावर सोडले. पंख वाळेपर्यंत तासभर ते तिथेच बसून होते, असे वडिलांनी आम्हांला पुढच्या रविवारी सांगितले. एवढे सलग बोलताना आम्ही त्यांना प्रथमच ऐकले.

चित्रांतून मुलाला शिकवण्याचा हा विचार नवा नाही. मोरावियन बंधुसंघाचे बिशप कोमेनियस यांनी १६५८ साली न्युरेंबर्ग येथे लॅटिन आणि जर्मन मजकुराचे एक सचित्र पुस्तक काढले. मुलांसाठी रचलेले पहिले चित्रपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पाने, बिया, शंखशिंपले हीच त्यांची साधने होती. आज आपल्या भाषेत चांगली चित्रपुस्तके नाहीत असेही म्हणता येणार नाही. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रेही स्वतः काढतात. 'राधाचं घर', 'चित्रवाचन' ही त्यांची पुस्तके पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली आहेत. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संग्रहात तर मराठी, तेलुगू, कन्नड अशा अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात. आमच्यासारख्या बहुभाषी गावाला हे वरदानच आहे. २०२२ साली आपल्या राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे अभियान झाले, त्यातही गावोगावच्या मातांचे गट करून मुलांकडून घरच्या घरी कृती करून घेण्यावर भर होता. घर हीच पहिली शाळा, हे आता सरकारलाही पटले आहे. प्रश्न आहे तो आम्हांला, वडीलधाऱ्यांना, पटण्याचा.

आणि आपल्या ख्रिस्तसभेला तरी हे परके कुठे आहे? सुमारे इसवी सन ६०० मध्ये मार्सेय येथील बिशप सेरेनस यांनी देवळातील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप महान ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली की, वाचणाऱ्याला जे पुस्तकातून मिळते ते न वाचणाऱ्याला चित्रातून मिळते. आपल्या देवळांच्या भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे आहेत. त्या आजीने आयुष्यभर उपवासकाळात ती वाट चालून काढली आहे. एका चित्रापुढे थांबायचे, पाहायचे, मग पुढे जायचे, हे वाचन तिला आमच्याआधीपासून येत होते. ती नातवाला ज्या शांतपणे पान उलटू देत होती तो शांतपणा तिने तिथूनच आणला असावा. प्रभूनेही रानातील फुलांकडे आणि आकाशातील पाखरांकडे नुसते पाहायला सांगितले होते. शिष्यांच्या पाट्या तपासल्या नव्हत्या.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, त्या मुलाच्या बाबतीत काही चमत्कार झालेला नाही. तो वर्गात पहिला आला नाही. जोडाक्षरांशी त्याची अजून झटापट चालू आहे, आणि शाळेतून अधूनमधून निरोप येतच असतो. आईला गणवेशांच्या हंगामात दम खायलाही सवड नसते, तेव्हा पंधरा मिनिटांची दहा होतात, कधी काहीच होत नाहीत. गरिबीचे काम चित्रपुस्तकाने हलके होत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पण मुलगा शाळेत बोलतो. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या रविवारी तो धर्मशिक्षणाच्या वर्गात, कोणी न सांगता, मागच्या बाकावर येऊन बसला. आम्ही त्याच्याकडे पाहून हसलो नाही. एकदा हसून झाले होते. वर्ग संपल्यावर आम्ही त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "बाळा, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझ्या पाटीवर हसलो, ते आमचे चुकले." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "तुमच्या झाडावर अंडी आहेत?"

आमच्या निवासाच्या अंगणात लिंबाचे झाड आहे. इतकी वर्षे आम्ही त्याखालून जात-येत होतो, ते कधी पाहिले नव्हते. त्या दुपारी आम्ही दोघांनी पाहिले. अंडी नव्हती, पण तीन पाने कुरतडलेली होती. "येतील," असे सांगून तो घरी गेला.

आता धर्मशिक्षणाच्या खोलीत आम्ही एक पेटी ठेवली आहे. तीत चित्रपुस्तके आहेत, काही मराठी, काही तेलुगू. रविवारी कोणीही आईने, बापाने, आजीने एक न्यावे आणि पुढच्या रविवारी आणावे. फाटले तर खळीने चिकटवावे. नोंदवहीत सही करता येत नसेल तर एक छोटे चित्र काढावे. त्या आजीच्या नावापुढे प्रत्येक वेळी एक लहानसा सुरवंट काढलेला असतो.